जस्ताच्या कोऱ्या वड्या

तर काल आपण आक्काला बोटीच्या बुडाखाली उताणी सोडून उठलो होतो. हातात खरवडणी, डोळे बारीक केलेले, आणि तोंडावर तांबडा भुगा पडतोय. बोटी दुरुस्त करायच्या त्या गोदीत तिला सगळे खरवड आक्का म्हणत. एक तर ती गंज खरवडायची, आणि हाताला गंज नसला की समोरच्या माणसाला खरवडायची. एकदा मुकादमानं विचारलं, आक्का, आज गप्पशी? तर म्हणते, तुझं तोंड बघितलं आणि वाटलं, इथं माझ्या आधीच कुणीतरी खरवडून गेलंय. मुकादम पुढे बरेच दिवस तिच्या वाटेला गेला नाही.

ती बोट होती तिच्या धाकट्या भावाची. माणसांना या काठावरून त्या काठाला नेणारी, लोखंडी, खाऱ्या पाण्यात चालणारी. आई गेली तेव्हा धाकटा रांगत होता. आक्कानं त्याला भरवलं, वाढवलं, बोट घ्यायची म्हणाला तेव्हा होतं नव्हतं ते त्याच्या ओंजळीत घातलं आणि स्वतः गोदीतल्या रंगाच्या डब्यांच्या खोलीत पथारी टाकली. तू निजतेस कुठं, असं धाकट्यानं कधी विचारलं नाही. घेणाऱ्याला झोप मोठी गाढ लागते.

आता गंजाची गोष्ट आधी ऐकायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. लोखंड दिसायला दणकट, पण स्वभावानं उधळं. खारं पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र भेटले की आपल्या अंगचे इलेक्ट्रॉन काढून द्यायला लागतं. देतो त्याचं ऑक्सिडीकरण झालं म्हणायचं. तो झिजतो, त्याचा गंज होतो. घेतो त्याचं क्षपण. दोन्ही एकाच वेळी चालायचं. घेणारा नसेल तर देणारा देईल कुणाला? पण जस्त हे लोखंडाहूनही उधळं. म्हणून बोटीच्या बुडाला, बोट ढकलणाऱ्या पितळी पंख्याच्या आसपास, जस्ताच्या वड्या बोल्टांनी घट्ट आवळतात. धातूला धातू भिडलेला. मागणारा दारात आला की जस्त पुढं होतं, माझं घे म्हणतं, आणि लोखंड मजेत राहतं. पुढच्या दुरुस्तीला बोट वर ओढावी, तर वड्या उंदरानं कुरतडलेल्या साबणासारख्या. त्या काढून फेकायच्या, नव्या लावायच्या. अट एकच, वडी उघडी हवी. तिला पाणी लागलंच पाहिजे.

धाकट्याची तेव्हा सोयरीक जमत होती आणि होणारे सासरे बोट बघायला यायचे होते. बोटीला निळा रंग दिला, अगदी नवरीसारखी नटली. वड्या तेवढ्या राखाडी, ओबडधोबड. धाकट्याच्या डोळ्यांत त्या खुपायला लागल्या. नव्या कपड्याला ठिगळ कशाला, म्हणत त्यानं स्वतः ब्रश उचलला आणि वड्यांवर निळ्या रंगाचे दाट हात फिरवले. आक्का हे लांबून बघून खरवडणी घेऊन धावली, अरे वेड्या, हे काय, असं म्हणायला तोंड उघडलं, तोच सासरे येऊन ठेपले. आक्काचं रूप तर काय, केसांपासून पायांपर्यंत तांबडी. त्यांनी विचारलं, ही कोण?

धाकटा चाचरला नाही. "ही होय? गंज खरवडणारी बाई आहे, गोदीची," म्हणाला. आणि तिच्याकडे वळून, "बाई, पाहुणे आलेत, जरा लांब व्हा."

व्हा! जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला अहो-जाहो केलं, आणि तेही असं. रंग अजून ओला होता. खरवडणीचा एक फटका पुरला असता. आक्कानं खरवडणी पिशवीत टाकली, "होय मालक," म्हणाली आणि लांब झाली.

धाकट्याचं लग्न झालं, बोट चालू लागली. बोट पलीकडच्या काठाला टेकेपर्यंत आक्का धक्क्यावरून नजर हलवायची नाही, कारण बोटीत माणसं बसतात. एकदा न राहवून ती त्याच्या दारात गेलीसुद्धा. भावजयीनं दार उघडलं आणि आत तोंड करून सांगितलं, ती गंजवाली आलीय. आतून धाकट्याचा आवाज आला, गोदीत भेटू म्हणावं. आक्का आल्या पावली परतली, आणि त्यानंतर बोट सुटताना ती कधी धक्क्यावर आली नाही.

पुढच्या दुरुस्तीला बोट वर ओढली. धाकट्यानं बुडाखाली वाकून वड्यांवरचा रंग नखानं उचकटला, आणि खाली जस्त कोरं करकरीत. झालं! गडी सगळ्या गोदीला बोलवायला लागला. बघा म्हणे, लोकांच्या वड्या खलास होतात, माझ्या तशाच्या तशा, नव्या लावायची गरजच नाही. ज्यांना वर्षानुवर्षं बोटी कळत नाहीत त्यांनी हे शिकून घ्यावं. तो मुकादमाच्या पाठीवर थापा मारत होता आणि मुकादम आक्काकडे बघत होता.

आक्का हातोडी घेऊन बुडाखाली सरकली आणि निळ्या रंगाला जिथं फुगा आला होता तिथं हलकेच टकटक केलं. हातोडी आत गेली. तिनं ती ओढून काढली, वीतभर पुढं टेकवली, तिथंही आत गेली. तांबड्या चिखलाची धार धाकट्याच्या पांढऱ्या बुटांवर पडली. वड्यांनी वर्षभर काहीच दिलं नव्हतं; दिलं होतं ते बुडानं, आणि देऊन देऊन त्याची चाळण झाली होती. मुकादमानं मान हलवली. ठिगळ मारायचं तर ते धरायला धड पत्रा तरी हवा, म्हणाला. ही आता भंगारात.

बोट गेली म्हणजे धाकट्याचं सगळंच गेलं. त्यानं वाकून एका कोऱ्या वडीवरून नख फिरवलं, आणि मग कुठं डोक्यात उजेड पडला. "ताई," कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडी तो शब्द आला, "तुला ठाऊक होतं?"

आक्कानं हातोडी पुसली, पिशवीत ठेवली.

"रंग ओला होता तेव्हाच ठाऊक होतं, मालक. तुमची बहीण असती तर तिनं तिथल्या तिथं खरवडून काढला असता. पण त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, ही गोदीची बाई आहे. आणि गोदीची बाई, सांगितलं तेवढंच करते. तुम्ही म्हणालात लांब व्हा, मी लांब झाले."