शेंगतेलात घोटलेला रंग

काल नातीसाठी रंग घ्यायला बेळगावात गेले होते. दुकानदारानं तैलरंगाची ट्यूब उघडली आणि जवसाच्या तेलाचा उग्र वास आला. त्या वासानं मला थेट आक्काकडं, माझ्या थोरल्या बहिणीकडं नेलं.

बेळगावच्याच शहापुरात आमचा हातमाग होता, पण आक्का एका चित्रकाराकडं रंग घोटायला जायची. जाड काचेवर गेरूची पूड घ्यायची, तिच्यात जवसाचं तेल घालायचं आणि लोण्यासारखं मऊ होईपर्यंत दगडी बत्त्यानं घोटत राहायचं. तिथंच तिनं उरल्यासुरल्या रंगात आईचं चित्र काढलं. चित्रकारानं त्यावर आपली सही ठोकून बक्षीस मिळवलं. आक्का दुसऱ्या दिवशीही रंग घोटायला गेली.

पुढं त्याला एका बड्या शेटजींची तसबीर करायची होती. मी आक्काचा डबा घेऊन गेले, तर काचेवरून आमच्या स्वयंपाकघराचा वास येत होता.

"आक्का, हे शेंगतेल हाय गं!"

"व्हय. जवसाचं वाळतंय, हे कवाच वाळत न्हाय," ती घोटता घोटता म्हणाली.

महिन्याभरानं भर समारंभात तसबिरीला हार घातला आणि शेटजींच्या मिशा गालभर फासल्या गेल्या. चित्रकार तणतणत आमच्या दारात आला. "रंगात काय घातलंस?"

आक्का शांतपणे म्हणाली, "सही तुमची हाय न्हवं? मग रंगबी तुमचाच."

त्याला पुन्हा कुणी काम दिलं नाही. तेव्हा मला आक्काची भीती वाटली होती. आता मात्र आठवलं की जीव सुखावतो.