भांड्यांच्या दुकानावरचे आरोपी

चार माणसं एका पुस्तकाभोवती बसली की पुस्तक संपतं, पण बसणाऱ्यांचे किस्से काही संपत नाहीत. मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. सहा दिवस लोकांचं रक्त तपासते आणि रविवारी कादंबरीतली माणसं. रक्ताचे रिपोर्ट मी दुसऱ्या दिवशी विसरते, पण आमच्या मंडळातल्या गोष्टी डोक्यात साचतच चालल्यात. आता कुणाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून ऐका.

आमचं वाचक मंडळ तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात, प्रल्हादशेठच्या भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत भरतं. खाली कुकर, वर साहित्य. मंडळाचे कायदे केले पेशकार काकांनी. काका तहसीलमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरी सुनेकडे दुसरा चहा मागताना अजून "दरख्वास्त आहे" म्हणतात.

पहिल्याच दिवशी काकांनी जाहीर केलं, "पुस्तकातल्या माणसाला त्याच्या माघारी नावं ठेवायची नाहीत. त्याची पेशी, म्हणजे सुनावणी, होईल. तो हजर राहील, सवाल-जवाब होतील, मग फैसला." आता कादंबरीतला माणूस हजर कसा राहणार? तर चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जे पात्र निघेल, त्यानं दोन तास तेच व्हायचं. "त्यानं असं केलं" म्हणायचं नाही, "मी असं केलं" म्हणायचं. शेवटी काका जाड रजिस्टरात फैसला लिहितात आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतात.

*

एकदा प्रल्हादशेठना एका जुन्या कादंबरीतली बावीस वर्षांची विधवा निघाली. शेठ साठीचे, मिशा भरघोस. आधी लाजले, मग असे रंगले, की आम्हाला सवाल विचारायला जागाच ठेवली नाही.

"मला पुन्हा लग्न करायचं आहे," शेठ कळवळून म्हणाले. "त्यात माझं काय चुकलं?"

नेमकं तेव्हाच गुडीहत्नूर गावचं एक गिऱ्हाईक परातीचा भाव विचारायला जिना चढून आलं होतं. त्यानं एवढंच ऐकलं आणि तसंच उतरून गेलं. संध्याकाळी शेठच्या घरी तीन बायका येऊन बसल्या. एकीनं शेठच्या बायकोचा हात हातात घेतला. "वहिनी, धीर सोडू नका. या वयात माणसाले असं होते कधी कधी."

तेव्हापासून पेशी सुरू झाली की जिन्याच्या दाराला कडी असते. हुकूम वहिनींचा आहे.

*

काकांना प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो. मी एकदा एका नव्या कादंबरीबद्दल मोठ्या ऐटीत म्हणाले, "या पुस्तकाचा मुख्य विषय एकटेपणा आहे."

"कोणत्या पानावर लिहिलंय?" काकांनी चष्मा वर केला.

मी पानं उलटायला लागले. एकटेपणा हा शब्द पुस्तकभर कुठंच नव्हता. मी घामाघूम. तेवढ्यात कोपऱ्यातून सुमन बोलली.

ही सुमन तामसीकडची. नवऱ्यासोबत भाजीपाला पिकवते, रविवारी बसनं येते. शाळा तेलुगूत झाली, मराठी अक्षरं आईनं घरी शिकवलेली, म्हणून वाचताना ओळीखाली बोट धरते. ती म्हणाली, "काका, त्या घरात सात माणसं हायेत. अन् अख्ख्या पुस्तकात त्या बुढीले कोणी 'जेवली का' म्हणून विचारत नाई. मी मोजून पाह्यलं. आता अजून लिहावं कायले लागते?"

काकांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, "साक्ष मान्य." मी मराठीत एम.ए. आहे, हे त्या दिवसापासून मी कुणाला सांगत नाही.

*

सुमनचा सगळ्यात भारी किस्सा नांदेडच्या प्राध्यापकांचा. सर पाहुणे म्हणून आले होते. एक कादंबरी घेतली आणि तिच्यातल्या आटलेल्या विहिरीवर तासभर बोलले. विहीर म्हणजे नायिकेचं मन, विहीर म्हणजे समाज, विहीर म्हणजे काळ. शेठनी दोनदा जांभई गिळली.

शेवटी सर म्हणाले, "काही शंका?"

सुमन म्हणाली, "सर, ते विहीर आटली नाई."

"म्हणजे? सासरा स्पष्ट सांगतो की आटली."

"सासरा सांगते. पण दोन पानं पुढं त्याच विहिरीखालच्या वावरात मेथी कापून राह्यले. भर उन्हाळ्यात. मेथीले रोज पाणी लागते, सर. तो बुढा खोटं बोलून राह्यला. सुनेनं वावर मागू नये म्हणून."

सरांनी पुस्तक उघडलं. दोन पानं पुढं मेथी होती. सर खाली बसले, बराच वेळ मागचं-पुढचं वाचत राहिले, आणि मग असे खूश झाले की विचारू नका! गाडीत बसेपर्यंत सुमनलाच विचारत होते, "मग सासूला हे माहीत होतं का हो?"

मी तर आनंदानं रात्रीच्या भाजीत दोनदा मीठ टाकलं.

*

आणि त्याच सुमननं मागच्या महिन्यात येऊन सांगितलं, "ताई, हे पुस्तक झालं की मी बंद. घरचे नाई म्हणून राह्यले."

घरचे म्हणजे नवरा, दत्ता. त्याचं म्हणणं, रविवारी भेंडी तोडायची सोडून जी माणसं जन्मालाच आली नाहीत त्यांची भांडणं काऊन सोडवता? सुमन हे सांगताना हसली, पण तिचं बोट पुस्तकावरून निघेना. मला फार वाईट वाटलं. तिच्याशिवाय मंडळ म्हणजे आम्ही तिघं आणि एक रजिस्टर.

पुस्तक होतं एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं. तिचा नवरा रागाच्या भरात तिची मशीन खोलीत कोंडून कुलूप लावतो, ती माहेरी निघून जाते. तिथपर्यंतच वाचून यायचं असं ठरलं होतं. पुढचं वाचायला मनाई. मी मात्र चोरून पूर्ण वाचलं होतं. लॅबवाली आहे, रिझल्टची वाट पाहणं मला जमत नाही.

त्या रविवारी सुमनच्या मागोमाग दत्ता जिना चढून आला. चपला हातात, दारातच उभा. "हिले न्याले आलो," म्हणाला. "हिनं सांगितलंच असंल. आता हे बस झालं."

सुमननं मान खाली घातली. काकांनी शांतपणे चिठ्ठ्यांचा डबा पुढं केला. "आधी बसा. आलेल्या माणसाची हजेरी लागते. चिठ्ठी उचला."

"मले काय करायचं पुस्तकाचं?"

"उचला तर."

दत्तानं चिठ्ठी उचलली. शेठनी वाचून दाखवली. निघाला तो मशीन कोंडणारा नवरा! दत्ताला कायदा समजावून सांगितला आणि आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. खरं सांगते, आम्हाला कादंबरीतल्या नवऱ्याचा राग नव्हता. शेठ म्हणाले, तुला लाज कशी वाटली नाही? मी म्हणाले, बायकोचा जीव ज्यात रमतो तेच कोंडलंस? काकांनी विचारलं, "आरोपीला काही म्हणायचं आहे?"

दत्ता लाल झाला. आधी "तो" म्हणाला, काकांनी टोकलं, मग "मी" म्हणाला.

"व्हय, मी कोंडली मशीन. चुकलंच ते. पण मंग ते मशीन डोक्यावर घेऊन तिच्या माहेरी कोण गेलं? मीच गेलो ना? नदीले पाणी होतं, गळ्यापर्यंत. गाव हसून राह्यलं होतं. दारात मशीन ठेवली अन् एक शब्द न बोलता परत आलो. ते नाई दिसत तुमाले?"

मी चोरून वाचलेली पानं आठवली. नदी होती एकशे बेचाळीस पानावर. आम्ही होतो नव्वदवर.

सुमननं हळूच वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग.

"तुमी शेवट काऊन सांगितला? मी अजून तिथवर पोचली नव्हती."

दत्ता चपला या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "मले काय माहीत, तू अजून तिथंच हायेस म्हणून. तू बाजारात गेली की पुस्तक घरीच राह्यते. मी तर दोनदा वाचलं."