पाय लावण्याआधी

गंगापूर धरणाच्या काठावरच्या रिसॉर्टला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. तिथे बोटीला बांधलेली दोरी धरून पाण्यावर फळीवर उभं राहायचा खेळ होता. पोरं पाण्यात होती. मी कंबरेचं कारण सांगून काठावर चहा घेत बसले होते. खरं तर चारचौघांत पडायची लाज वाटत होती.

शेजारच्या कुटुंबातल्या एक बाई, माझ्याच वयाच्या, मंगळसूत्र काढून सासूच्या पदरात बांधून उतरल्या. फळीत पाय अडकवण्याआधी त्यांनी पाणी डोळ्यांना लावलं. बोट निघाली आणि त्या पडल्या. परत पाणी डोळ्यांना, परत दोरी हातात, परत पडल्या. शेवटपर्यंत काही उभ्या राहिल्या नाहीत.

त्या वर आल्यावर मी विचारलं, "दर वेळी नमस्कार कशाला हो?"

"गोदावरी म्हणजे गंगाच ना ही. पाय लावायचा तर विचारायला नको?" वेणी पिळत त्या म्हणाल्या.

"पण ती तर पाडते तुम्हाला."

"पाडते ती बोट. गंगा झेलते."

सासूने गाठ सोडून मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात घातलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि माझं काढलं. द्यावं कुणाकडे ते कळेना.

म्हातारीने मोकळा पदर माझ्यापुढे धरला. "आण इकडं," म्हणाली.