त्याले इचारलं का?

पेटी गप्प झाल्याचा तिसरा फोन आला, तेव्हा माझ्या वहीत तिच्यापुढे बरोबरची खूण होती. लाल शाईची. लाल शाई मी पूर्ण झालेल्या कामालाच वापरते, आणि लाल खूण केलेल्या कामाकडे पुन्हा वळून पाहत नाही. निदान तोवर पाहत नव्हते.

अमरावतीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे माझं आणि कॉलेजपासूनच्या एका मित्राचं. तो प्रोग्राम लिहितो. बाकी सगळं माझ्याकडे: सामान, जुळणी, तपासणी, गिऱ्हाईक आणि याद्या. त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही एका जिनमध्ये पेटी बसवली. हा जिन, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणारा कारखाना, मूर्तिजापूर आणि अकोल्याच्या मधे, रस्त्याला लागून आहे. हंगामात तिथल्या आवारात कापसाच्या मोठाल्या गंज्या लागतात. ओलसर कापूस गंजीत दाबला गेला की आतून तापत जातो. वेळेवर कळलं तर गंजी उकलून हवा देता येते. नाही कळलं तर कापूस पिवळा पडतो, आणि कधी पेटतो.

आम्ही गंजीत खुपसायच्या लांब सळया केल्या होत्या, टोकाला तापमान मोजणारा सेन्सर. सगळ्या सळयांच्या वायरी एका पेटीत, आणि पेटीतून आकडे थेट जिनच्या मालकांच्या, शेठजींच्या, अकोल्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. पेटीवर आकडे दाखवू का, असं मी विचारलं होतं. शेठजी म्हणाले, "नको वो बाई. आकडा दिसला की पुरं आवार तिथं उभं राहून चर्चा करीन. कापूस कोण उचलीन?"

त्याआधी हे काम मिस्त्रीकाकांचं होतं. तीस वर्षांपासून ते दर पाळीला गंज्यांभोवती फिरत, बाही वर करून हात खांद्यापर्यंत कापसात घालत आणि सांगत: ही थंड, ही कोमट, ही आत्ताच उकला. शेठजींचा त्या हातावर इतका विश्वास, की पेटी घ्यायला ते सहा महिने तयार नव्हते. मिस्त्रीकाकांनीच त्यांच्या मागे लागून ती घ्यायला लावली. हे मला चमत्कारिक वाटायचं. स्वतःच्या हाताची जागा घेणारी वस्तू कोण मागून घेतं?

पेटी बसवली त्या दिवशी कारण कळलं. चहा आला. स्टीलचे ग्लास, काठोकाठ. मी ओढणीत धरूनही माझा ग्लास खाली ठेवला. काकांनी त्यांचा मुठीत गच्च धरला होता.

"पोळत नाही का, काका?"

"नाई लागत मले." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "शुगर हाये. दोन वर्सं झाले, बोटाइले काई उमजतच नाई. कोनाले सांगू नका, मॅडम."

"शेठजींना तरी सांगायला पाहिजे."

"हाव, सांगतो न. झालंच समजा."

आमच्याकडे 'झालंच समजा' हे फार दिलाशाचं वाक्य आहे. सुतार म्हणतो, गॅसवाला म्हणतो, मी स्वतःही गिऱ्हाइकाला म्हणते. काकांचं हे मी वहीत लिहिलं नाही, पण मनात खूण केली आणि विसरले.

मग पेटी गप्प व्हायला लागली. लाईन, म्हणजे वीज, गेली की राउटर बंद पडायचा. पेटीला स्वतःची बॅटरी होती, ती चालूच असायची. लाईन येऊन राउटर सुरू झाला की कधी आकडे परत सुरू होत, कधी अकोल्याला काहीच पोचत नसे. मग कुणीतरी जाऊन पेटी बंद करून चालू करायची. तिसऱ्या वेळी फोन शेठजींचाच होता, बुधवारी.

"मी शनिवारी जिनवर येऊन राहिलो. माह्या हातानं लाईन पाडीन. पेटी गप झाली, तर तुमी तिले तशीच गाडीत टाकून अमरावतीले न्या. मिस्त्रीचा हात हाये आमच्याजवळ. तीस वर्सांत चुकला नाई तो."

तो हात आता चुकणार होता, हे मला माहीत होतं आणि त्या हाताच्या मालकाला माहीत होतं. शनिवारनंतर पंचवीस गंज्यांची राखण त्या हातावर येणार होती.

मी मित्राला गाठलं. तो म्हणाला, "यादीबाई, टाइमआऊट लावला आहे दहा सेकंदांचा. कोडमध्ये लिहिलं आहे, हे पाहून घे. तूच टेबलावर तपासलं होतंस. खूण कोणाची आहे लाल?"

खूण माझीच होती. पेटी अकोल्याशी बोलते ती एका जोडणीतून. प्रोग्रामवाले जोडणीच्या पेटीकडच्या टोकाला सॉकेट म्हणतात. समोरून उत्तर येईपर्यंत पेटी तिथे कान लावून बसते. राउटर अचानक मेला तर 'मी चाललो' असं सांगायलाही कोणी उरत नाही, आणि पेटी कान लावून बसूनच राहते. म्हणून तिला सांगायचं असतं की दहा सेकंद वाट बघ, मग सोड आणि नव्याने जोड. हे सांगायच्या आज्ञेचं नाव सेटसॉकऑप्ट. ती प्रोग्राममध्ये होती. टेबलावर मी राउटरचा प्लग उपटला होता, दहा मोजले होते, पेटी पुन्हा बोलली होती.

गुरुवारी सकाळच्या गाडीने मी मूर्तिजापूरला उतरले आणि ऑटोने जिनवर गेले. लॅपटॉप, वायरी, डबा आणि वही. दुपारी बाराच्या सुमाराला लाईन गेली, वीस मिनिटांनी आली. पेटी लगेच सुरू झाली. अडीचला पुन्हा गेली, पुन्हा आली. या वेळी पेटी गप्प. मी दोन्ही वेळा लिहून घेतल्या. पहिल्यांदा ठीक, दुसऱ्यांदा नाही. मागच्या तीन फोनांच्या नोंदी उलटून पाहिल्या. त्या तिन्ही दिवशी लाईन एकाहून जास्त वेळा गेली होती. हे आधीच दिसायला हवं होतं. पण लाल खुणेपुढे मी पाहिलंच नव्हतं.

चारला पाळी बदलली. दिवसाचा चौकीदार सायकल घेऊन निघाला, दुसरा आला. मिस्त्रीकाकांनी त्याला फाटकाजवळ उभं केलं आणि भराभर सूचना दिल्या. तो मान हलवत होता.

"मान नको हलवू. काय सांगतलं म्या?"

"तीन नंबरची गंजी उकलून ठेवली, तिच्यावर ताडपत्री टाकाची नाई."

"अजून?"

"सात नंबरपाशी टॅक्टर लावू द्याचा नाई."

"आन बिडी?"

"बिडी फाटकाच्या भाईर, मिस्त्री. रोज काय इचारता, मी का नवरदेव हावो?"

"नवरदेवाले तं एकडावच इचारतेत. तुले रोज इचारीन."

मी हसले. काका माझ्याकडे आले. म्हणाले, "हसू नका, मॅडम. दोन सालाआधी म्या दिवसपाळीवाल्याले सगळं सांगतलं. तो घरी गेला. सांगतलेलं त्याच्यासंगंच घरी गेलं. संध्याकाळच्यानं ओल्या गंजीवर ताडपत्री वढली. चार खंडी कापूस पिवळा." मग पेटीकडे हनुवटी करून म्हणाले, "तुमी म्हणता, दहा सेकंद सांगून ठेवले. त्याले इचारलं का, तुले काय समजलं म्हून?"

मी तिथूनच मित्राला फोन लावला. काकांचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

तो म्हणाला, "विचारता येते. गेटसॉकऑप्ट म्हणून आहे. सॉकेटला कोणतं सेटिंग लागलं आहे ते परत सांगते."

"मग आपण का नाही वापरलं?"

"आपणच ठेवलेलं आपणच परत कायले विचारायचं?"

"उद्या सकाळी नऊला विचारायचं," मी म्हटलं आणि लिहून घेतलं.

शुक्रवारी नऊला आम्ही टेबलाशी होतो, जिनवरच्यासारखीच दुसरी, तपासणीसाठी ठेवलेली पेटी समोर घेऊन. त्याने प्रश्नाची ओळ घातली. पेटीतून उत्तर आलं ते आकडा नव्हे, नुसता चूक झाल्याचा निरोप. तो डोकं खाजवत बसला, मग स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलं. विचारायची एक रीत असते: उत्तर घ्यायला आपलं भांडं न्यायचं आणि ते केवढं आहे हे आधी सांगायचं. पेटीतली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम त्यात उत्तर ओतते आणि किती ओतलं तेही सांगते. त्याने भांडं नेलं होतं, माप सांगायला विसरला होता. ते घातल्यावर आकडा आला: दहा हजार. पेटी मिलिसेकंदात मोजते, म्हणजे दहा सेकंद.

"हे घे. पटलं? आता तुह्या त्या मिस्त्रीले पेढे ने," तो खुर्ची मागे ढकलत म्हणाला.

"बस." मी राउटरचा प्लग उपटला. दहा मोजले. पेटीने जुनी जोडणी सोडली. प्लग लावला, तिने नवी जोडणी केली. "आता परत विचार."

त्याने विचारलं. शून्य.

टाइमआऊटच्या भाषेत शून्याचा अर्थ थांबूच नको असा नसतो. जन्मभर थांब, असा असतो.

"परत विचार."

"शून्यच आहे."

"तू सांगतोस कुठे तिला? दाखव मला ओळ."

ओळ प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला होती. पहिलं सॉकेट उघडलं की दहा सेकंद सांगायचे. ते तुटलं की खाली नवं सॉकेट उघडायचं, आणि त्याला कोणी काहीच सांगत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "नवं सॉकेट म्हणजे नवं सॉकेट. जुन्याचं त्याला काय माहीत."

"संध्याकाळचा चौकीदार," मी म्हटलं.

"कोण?"

मी त्याला ताडपत्रीची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. ओळ उचलून त्याने दर नव्या जोडणीला चालणाऱ्या फेऱ्यात घातली, लगेच खाली विचारायची ओळ घातली, आणि उत्तर दहा हजार नसेल तर ते सॉकेट बंद करून दुसरं उघडायचं असं लिहिलं. मग मी प्लग उपटत बसले. बारा वेळा. प्रत्येक वेळी विचारलं, प्रत्येक वेळी लिहिलं. सहाव्या वेळी तो म्हणाला, "बस झालं न आता, बाप्पा." मी म्हटलं, "एकदा तपासून खूण केल्याने आपण इथवर आलो. तू जेवून घे." दुपारी मी त्या पेटीला एक बटण लावून पाहिलं. ते दाबलं की पेटी स्वतःच्या चालू जोडणीला प्रश्न विचारते आणि जितके सेकंद उत्तर येईल तितक्या वेळा हिरवा दिवा लुकलुकतो.

शनिवारी शेठजी अकराला आले. मी सकाळी आठलाच जाऊन जिनवरच्या पेटीत नवा प्रोग्राम घातला होता आणि तसंच बटण बसवलं होतं. शेठजींनी स्वतः मेन स्विच पाडला, पाच मिनिटांनी वर केला. अकोल्याच्या ऑफिसातून फोन आला: आकडे चालू. पुन्हा पाडला. पेटी गप्प व्हायची ती याच वेळी. आकडे चालू. तिसऱ्यांदा त्यांनी दोन-दोन मिनिटांनी तीनदा पाडला. मी यादीत हे धरलंच नव्हतं. आकडे चालू. मिस्त्रीकाकांनी बटण दाबलं आणि मोठ्याने मोजलं, दहापर्यंत.

"ठीक हाये," शेठजी म्हणाले. "राहू द्या पेटी. पण मिस्त्री, तुमी हात घालत जा. मशीन ते मशीन. हात आपला सोडाचा नाई."

"हाव, शेठ," काका म्हणाले.

पेटी राहिली होती. माझं काम संपलं होतं. लाल पेन हातात होतं. पण 'हाव, शेठ' ऐकलं आणि मला तो चहाचा ग्लास आठवला. आणि मी केलेली मनातली खूण.

मी म्हटलं, "काका, शेठजींना ते सांगितलं का तुम्ही?"

काकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. शेठजी म्हणाले, "काय सांगाचं हाये?"

"माह्या हाताले समजत नाई, शेठ." काका खाली बघून बोलत होते. "दोन वर्सं झाले. शुगरनं बोटं मेले."

"दोन वर्सं? मंग गंज्या कशा पाहून राहिलते?"

काका शेडच्या मागे गेले आणि एक लोखंडी सळई घेऊन आले, पुरुषभर लांब, एका टोकाला घासून चकचकीत झालेली. "हे घालतो आत. काढतो. आन गालाले लावतो. गालाले समजते अजून."

शेठजींनी सळई हातात घेतली. आमच्या सेन्सरच्या सळईशेजारी धरली. दोन्ही जवळजवळ सारख्याच लांब होत्या.

"आधी काहून नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं नाई न."

शेठजी संतापतील असं वाटलं. त्यांनी काकांची सळई स्वतःकडेच ठेवली. मग म्हणाले, "आजपासून पेटी तुमच्याकडं. बटण तुमी दाबाचं, दर पाळीले. हात घालाचा नाई, सळई गालाले लावाची नाई. आन सोमवारी अकोल्याले डॉक्टरकडं जाचं, माही गाडी येईन."

"झालंच समजा, शेठ."

"समजत नाई मी. काय सांगतलं?"

गुरुवारचा तो संध्याकाळचा चौकीदार आज दिवसपाळीला फाटकापाशी उभा होता, तो तोंडावर गमछा धरून हसला. काकांनी त्याला एक शिवी दिली आणि मग सगळं म्हणून दाखवलं. बटण, हात, सळई, सोमवार, डॉक्टर. एकही चुकलं नाही.

परतीच्या गाडीत मी वहीतलं पान उघडलं. पेटीपुढची जुनी लाल खूण खोडली आणि तिथे दोन चौकटी आखल्या, एक सांगितल्याची, एक विचारल्याची. दोन्हीत खूण केली. खाली 'काका, डॉक्टर' असं लिहिलं, आणि त्यापुढे पहिल्याच चौकटीत खूण केली.

सोमवारी संध्याकाळी मी फोन लावला. काकांनी न विचारता डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या गोळ्यांची नावं वाचायला सुरुवात केली, अक्षर लावत, अडखळत. चार गोळ्या होत्या. मी चारही लिहून घेतल्या.