दादाने पाडलेली खाच

गाडीत पेट्रोल भरताना हातावर थेंब सांडला, की दुबईत अल कुसैसमधल्या गॅरेजातली ती दुपार आठवते. दादाला जाऊन महिना झाला होता. त्याची जुनी गाडी आता वहिनी चालवायची, पण ती सिग्नलला बंद पडायची.

गॅरेजवाल्या युसुफभाईंनी एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटर पाहिला. हवा-पेट्रोल जुळवणाऱ्या स्क्रूला कंपनीने मुद्दाम खाच ठेवली नव्हती, कुणी परस्पर फिरवू नये म्हणून. तरी त्यावर करवतीने पाडलेली तिरकी खाच होती.

"किसी लेफ्टी का काम है," ते हसले. दादा डावखुरा होता.

त्यांनी इंजिन सुरू केलं. ते तीन ठोके चालायचं, अडायचं, मग ओढ घेऊन पुन्हा चालायचं. दादाचे शेवटचे श्वास अगदी असेच होते. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते ऐकू आलं होतं.

"ठीक कर दूँ, भाभी?"

"कर दो," मीच म्हणालो. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

स्क्रू पाव फेरा फिरला आणि आवाज एकसारखा झाला.

"आता हे गेले," वहिनी म्हणाली.