डावी बाजू

माझी मुलगी टेनिस खेळून पोट भरते, आणि तेही दोघींचं टेनिस. एकटीने खेळणं तिने तेविसाव्या वर्षीच सोडलं. आमच्या रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या बाया विचारत, "काहून, एकटीले जमत नाही का?" मी सांगायची, "नाही जमत." खरंच जमत नव्हतं. लांब पळायचा दम नाही. पण जाळीजवळ उभी केली की हात असा चालतो, समोरचीला चेंडू दिसायच्या आत परत गेलेला असतो. त्या हातावर तिने तेरा वर्षं काढली.

मी चौथी शिकले, पण एवढं मला कळलं की या खेळात जोडीदारीण नसेल तर घरी बसायचं. जोड्या जमतात, मोडतात. एखादीला वरच्या नंबरची मिळाली की ती सॉरी म्हणते आणि जाते.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मुलगी आठ दिवस रायपूरला आली होती. इथेच तिला जोडीदारणीचा तसला फोन आला. परदेशातल्या स्पर्धेला दोघींची नावं द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारची. तिने चौघींना विचारलं, चौघीही गुंतलेल्या. वय चौतीस. काही महिने घरी बसली की नंबर घसरणार, मग मोठ्या स्पर्धेत घेणार कोण?

"कोचिंग करूँगी फिर," ती म्हणाली. ताटातली पोळी तशीच होती.

"तिले कर ना फोन," मी म्हटलं. 'ती' म्हणजे सहा वर्षांपूर्वीची जोडीदारीण. तेव्हा सॉरी म्हणणारी माझी मुलगी होती.

"आई, उसको मैंने मैसेज पे छोड़ा था."

"माहीत आहे. तेव्हाच म्हटलं होतं, फोनवर सांग. आता तरी कर."

"वो सुनाएगी."

"ऐकून घे. कान कशाले आहेत?"

तिने पडवीत बसून स्पीकरवर फोन लावला. मी तिथेच लाल भाजी निवडत होते, उठले नाही. पलीकडून आवाज आला, "छह साल बाद नंबर मिल गया?" मग तिने बरंच सुनावलं. आमची नुसती "हाँ, गलती थी मेरी" म्हणत राहिली. शेवटी पलीकडची म्हणाली, "खेलूँगी. पर लेफ्ट साइड मेरी."

आमचीने माझ्याकडे पाहिलं. जन्मभर ती डावीकडे उभी राहिलेली. गेम हातात येणार की जाणार, ते ठरवणारा गुण बहुतेक डावीकडचीच्याच वाट्याला येतो. तिथली खेळाडू स्वतःला मोठी समजते, आमचीही समजायची.

"हव म्हण," मी म्हटलं.

"आंटी हैं क्या? नमस्ते आंटी!"

"नमस्ते. ती हव म्हणून राहिली."

"मैंने कब कहा?" मुलगी माझ्यावर ओरडली.

"मग आता म्हण."

तिने हो म्हटलं. थोडं हसून म्हटलं, पण म्हटलं.

पहिल्या स्पर्धेत दोघी पहिल्याच दिवशी हरल्या. उजवीकडून आमचीचे फटके जाळीत जात होते. चौथ्या स्पर्धेत जिंकल्या. अजून दोघी सोबतच खेळतात. उजवीकडचं खेळणं ती चौतिसाव्या वर्षी नव्याने शिकली, आणि घरी आली की पोटभर जेवते. डावी बाजू तिने परत मागितलेली नाही. मागूही नये. ती दुसरी पोट्टी तिथे आमचीपेक्षा बरी खेळते.