समोरच्याला इचार

काशिनाथअप्पांना त्यांच्या दुकानाबद्दल काहीही विचारलं, की ते हातातल्या वजनाने रस्त्यापलीकडे दाखवायचे. "आपल्या दुकानाचं आपन सांगू न्हाई, पोरी. समोरच्याला इचार."

अडचण एवढीच, की समोरच्याशी त्यांचं बोलणं नव्हतं.

आमच्या कॉमर्स कॉलेजात तेव्हा नुकतेच कॉम्प्युटर आले होते. सरांनी सुटीत इंटर्नशिप म्हणून जुन्या दुकानांचा इतिहास गोळा करायला लावला. मालकांचं बोलणं रेकॉर्डरवर घ्यायचं, जुने फोटो स्कॅन करायचे, सगळं कॉम्प्युटरवर भरायचं. माहिती अपुरी राहिली तर ते दुकान वगळायचं. माझ्या वाट्याला घाटनांदूरची पेठ आली. तक्ता आखून, जादा सेल घेऊन मी हजर झाले, आणि पेठेतल्या सगळ्यांत जुन्या किराणा दुकानापाशीच अडले.

समोर मन्मथअप्पांचं कापडदुकान. त्यांनी एसटीडी बूथ काढला. त्याची पिवळी पाटी त्या अरुंद रस्त्यात इतकी पुढे आली, की स्टँडकडून येणाऱ्याला काशिनाथअप्पांची पाटी दिसेना. तेव्हापासून अबोला. कपिलधारच्या यात्रेला मात्र दोघं एकाच जीपने जात. एक पुढे, एक मागे. "खिडकी लाव म्हनावं त्याला," असे निरोप ड्रायव्हरमार्फत चालत.

"अप्पा, तुम्ही बोलला नाहीत तर तुमचं दुकान यादीतून जाईल," मी बजावलं.

"जाऊ दे. आपल्या तोंडानं आपली तारीफ केली की गिऱ्हाईक पळतंय." मग रेकॉर्डर जवळ ओढून म्हणाले, "समोरच्याचं सांगतो, ते घे. मन्मथ लई चिकट हाय. चहा पाजताना जीव जातो त्याचा. पन कापड कवाच ताणून मोजत न्हाई. त्याच्या बापानं डोक्यावर गाठोडं घेऊन धारूरपतूर बाजार केले."

मी रस्ता ओलांडला. "त्यानं धाडलं? मग न्हाई सांगत," मन्मथअप्पा म्हणाले. मी रेकॉर्डरवर काशिनाथअप्पांचं बोलणं लावलं. चहाच्या वाक्याला त्यांनी भुवई चढवली. कापडाच्या वाक्याला चष्मा काढून पुसला.

"लिव्ह," ते म्हणाले. "माझं दुकान जळालं तवा त्यानं आपला अर्धा ओटा मला दिलता. दिवाळीभर तिथंच कापड इकलं मी."

ते टाइप करून, छापून मी काशिनाथअप्पांना दाखवलं. ओळीवर बोट फिरवत त्यांनी वाचलं आणि कागद खाली ठेवला. "झूट हाय."

"काय झूट?"

"अर्धा न्हाई. सगळा ओटा दिलता. मी आत अंधारात बसून मिरच्या इकल्या."

"मग चूक त्यांनाच सांगा."

कागद उचलून ते तडक पलीकडे गेले. "काबे मन्मथ, अर्धा कावून सांगितलास?" मोजायला घेतलेली साखर तराजूत तशीच राहिली आणि गिऱ्हाइकं दारात जमली. भांडण दुपारपर्यंत रंगलं. चहा मन्मथअप्पांनी मागवला. पुढच्या आठवड्यात पिवळी पाटी भिंतीला चिकटली होती, आणि दोन्ही दुकानं यादीत होती.

बऱ्याच वर्षांनी, यंदा काशिनाथअप्पा वारले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा मन्मथअप्पा काशिनाथअप्पांच्याच ओट्यावर बसले होते. "आता माझ्या दुकानाचं कोन सांगंल, पोरी?"

टेपवरून उतरवून घेतलेल्या माझ्या जुन्या फायली नावानिशी लावलेल्या असतात. मोबाइल काढला आणि शोधावं न लागता काशिनाथअप्पांचा आवाज लावला. "मन्मथ लई चिकट हाय..."

मन्मथअप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. चहाचं वाक्य येताच त्यांनी हात वर करून हॉटेलवाल्याला दोन बोटं दाखवली.

"आवाज मोठा कर," ते मला म्हणाले, "आन त्याला म्हनावं, बघ, पाजतो का न्हाई."